शोक आणि आजार : पटाचारेच्या कथेवरून एक पाठ



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका उपासिकेचा तरुण मुलगा अपघातात गेला. दोन महिने उलटले तरी ती माउली अंथरूण सोडीना. तेव्हा एका जाणत्या गृहस्थाने तिला सुनावले, "आपण बौद्ध झालो. सर्व अनित्य आहे हे ठाऊक असून रडता कशाला?" बाईने त्या दिवसापासून बोलणेच टाकले.

हा धम्म नव्हे. श्रावस्तीची पटाचारा आठवा. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही लेकरे नदीकाठी गेली, वादळात घर कोसळून आईबाप व भाऊ गेले. ती भान हरपून उघडी फिरू लागली, लोक तिला हाकलू लागले. तथागतांनी मात्र तिला येऊ द्या म्हटले व भानावर आणले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र दिले, तिने आपली हकीगत सांगितली. उपदेश त्यानंतरचा. हा क्रम आपण विसरतो. बाबासाहेबांनी चार अपत्ये गमावली. १९२६ साली राजरत्न गेल्यावर दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला शोक लपविलेला नाही. मग आपण कोणाला लाजवावे?

रडणे हा आजार नाही. शोक लाटेसारखा येतो व ओसरतो. मध्येच माणूस नातवाला पाहून हसतोही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, रोज, दिवसभर मन काळवंडलेले राहिले, झोप-भूक उडाली, कशातच गोडी उरली नाही, "माझ्यामुळेच गेला" हा दोष पाठ सोडीना, तर त्यास उदासीनतेचा आजार समजून डॉक्टरांस दाखवावे. आपल्या बायाबापड्या 'उदास वाटते' असे म्हणत नाहीत. डोके जड आहे, छाती धडधडते, अंग दुखते असे म्हणतात. आणि "मलाही जायचंय" असे कोणी म्हणाले, तर दोन आठवडे मोजीत बसू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक दूर ठेवावे व त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त केली, तेव्हा मी पाळण्यात होतो. वाचलेल्यांना डॉक्टरांनी तपासले, तेव्हा उदासीनता व त्या रात्रीची भीती पुन्हा पुन्हा जागणे हे विकार बऱ्याच जणांत आढळले. तरी कित्येक घरांनी देवऋषीच गाठला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

मदत कोठे? जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात. जाणे जमत नसेल तर आशाताईंना सांगावे, किंवा १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवावा. २०२२ पासून ही सरकारी सेवा रात्रंदिवस फुकट मिळते, मराठीतूनही बोलता येते. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून, किंवा बरे वाटताच, आपल्या मनाने त्या बंद करू नयेत. झोपेच्या गोळ्या स्वतः आणून घेणे किंवा दारू पिणे हा उपाय नाही, त्याने दुखणे वाढते.

त्या माउलीला अखेर तिची जाऊ दवाखान्यात घेऊन गेली. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही. जाऊ रोज रात्री शेजारी निजत असे. आता ती पुन्हा विहारात येते. मुलाचे नाव निघाले की रडते, आणि आम्ही तिला रडू देतो.