शोधात आपले अंबड सापडावे कसे?

आजचे युग स्पर्धेचे आहे, हे वाक्य आपण प्रत्येक भाषणात ऐकतो. परंतु स्पर्धेत उतरण्यापूर्वी माणूस दिसावा लागतो, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या तालुक्यातील अनेक मुले-मुली शिकून रोपवाटिका, फळविक्री, मसाले, शिवणकाम असे छोटे उद्योग करीत आहेत. माल चांगला असतो. पण पुण्या-दिल्लीच्या गिऱ्हाइकाला त्यांचा पत्ता लागत नाही आणि भाव मधला दलाल ठरवितो. म्हणून शोधयंत्राचे, म्हणजे सर्च इंजिनचे, प्राथमिक नियम समजून घेण्याचा अल्पसा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

शोधयंत्र काम कसे करते?

गिऱ्हाईक गूगलवर शब्द टाकते, त्या क्षणी गूगल जगभर शोधत धावत नाही. त्याची संगणक-प्रणाली आधीच एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्याकडे फिरत असते, वाचलेल्या पानांची नोंद ठेवते आणि विचारणा होताच त्या नोंदीतून पाने निवडून त्यांचा क्रम लावते. फिरणे, नोंदणे आणि क्रम लावणे, अशा या तीन पायऱ्या आहेत. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी असे मांडले की, इतर पाने ज्या पानाचा दुवा देतात ते महत्त्वाचे मानावे. दुवा देणारे पानही वजनदार असेल तर अधिक महत्त्वाचे. गावात शिफारस कोण करतो यावर पत ठरते, तसेच हे. १९९८ साली त्यांनी गूगल कंपनी स्थापन केली. आज क्रम लावताना इतरही पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. पण पान नोंदलेच गेले नाही, तर क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

पहिला धडा : वाचता येतील अशी अक्षरे

आमच्याच हातून झालेली चूक सांगतो. मोसंबीच्या रोपांचे पान तयार करताना आम्ही छापील पत्रकाचा सुंदर फोटो तेवढा लावला. दर, जात, पत्ता, सर्व काही त्या फोटोत होते. माणसांनी कौतुक केले, पण शोधात पान सापडेना. फोटोतील मजकुरावर यंत्राने विसंबावे, ही अपेक्षाच चुकीची. मजकूर टंकलिखित हवा आणि तोही युनिकोडमध्ये. छपाईच्या जुन्या फॉन्टमधील मराठी डोळ्यांना मराठी दिसते. यंत्राला मात्र ती निरर्थक अक्षरे वाटतात. फोटो जरूर लावावा, पण त्याखाली तो कशाचा आहे हे शब्दांत लिहावे.

दुसरा धडा : गिऱ्हाइकाचे शब्द

आपण मोसंबी म्हणतो, हिंदी भाषिक मौसंबी किंवा मौसमी म्हणतो आणि शहरातला ग्राहक स्वीट लाईम. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण त्यात फळाचे इंग्रजी नाव स्वीट ऑरेंज आहे! ही सर्व नावे वाक्यांत सहज यावीत; उगीच पन्नास वेळा घोकू नयेत. तसे केल्यास यंत्र ती लबाडी समजते. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पान व स्पष्ट शीर्षक द्यावे.

गावाचे नावही असेच. नुसते ‘अंबड’ लिहिले की दोन अंबड पुढे येतात : एक आपले, मत्स्योदरी देवीचे, दुसरे नाशिकच्या औद्योगिक वसाहतीचे. म्हणून ‘अंबड, जिल्हा जालना, ४३१२०४’ असा पूर्ण पत्ता प्रत्येक ठिकाणी एकसारखा लिहावा.

तिसरा धडा : विनामूल्य नोंदणी

गूगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानाची नोंद करण्यास पैसे लागत नाहीत. पत्ता, वेळ, फोन व खरे फोटो द्यावेत. ग्राहकांकडून खरे अभिप्राय मागावेत. ते विकत घेऊ नयेत. सर्च कन्सोल हेही विनामूल्य साधन आहे. आपले पान नोंदले गेले की नाही आणि लोक कोणत्या शब्दांनी आपल्यापर्यंत आले, हे त्यात दिसते. नोंद होण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि क्रम सुधारण्यास त्याहून अधिक. म्हणून बहाराची फळे तोडणीला आल्यावर नव्हे, तर झाडाला फुले असतानाच पान तयार ठेवावे.

सावधगिरीचा शब्द

‘पैसे द्या, पहिला नंबर हमखास’ असे सांगणारे फोन पुष्कळांना येतात. असा पहिला नंबर कोणीही खात्रीने देऊ शकत नाही, असे खुद्द गूगल सांगते. पैसे भरून जाहिरात वर दिसते, पण तिच्यावर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते आणि तिच्यामुळे नैसर्गिक क्रम वाढत नाही. घरातील बचत अशा हमीवर घालवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

शेवटी एक गृहपाठ. तुमची वस्तू हवी असल्यास फोनवर काय शोधाल, हे पाच ओळखीच्यांना विचारा. त्यांचे शब्द वहीत लिहा, मग तेच शब्द स्वतः टाकून पाहा. आपले नाव कोठे नाही हे त्यावरून कळेल; कामाला सुरुवात तेथूनच करावी.