सत्तेचे विभाजन आणि माणसाची समता : अमेरिकन राज्यघटनेचे तात्त्विक अधिष्ठान

राज्यघटना म्हणजे केवळ कलमांची जंत्री नव्हे. प्रत्येक घटनेच्या मुळाशी माणूस आणि सत्ता यांच्या संबंधाविषयीचा काही एक विचार असतो. अमेरिकेच्या घटनेमागील विचार कोणता आणि तो कोठे तोकडा पडला, याचा अभ्यास समतेचा वारसा सांगणाऱ्या आपणां सर्वांस उद्‌बोधक ठरेल.

या विचाराचे दोन प्रमुख प्रवर्तक युरोपातील होते. जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता हे हक्क राजाने बहाल केलेले नसून ते निसर्गदत्त आहेत आणि शासनाचा अधिकार लोकसंमतीतून येतो, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी प्रतिपादिले. कायदे करणे, ते अमलात आणणे आणि न्याय देणे ही तिन्ही कार्ये एकाच हाती गेल्यास स्वातंत्र्य उरत नाही, असे फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी १७४८ मध्ये मांडले. ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लॉक यांच्या विचाराची छाया स्पष्ट दिसते.

स्वतंत्र झालेल्या तेरा राज्यांचा १७८१ चा संघ मात्र दुर्बळ होता. त्याच्या काँग्रेसला कर बसविण्याचाही अधिकार नव्हता. म्हणून १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे घटनापरिषद भरली. तिच्यापुढील पेच अवघड होता. केंद्र बलवान केले तर जुलमाची भीती आणि दुर्बळ ठेवले तर विघटनाची. शिवाय प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकते, अशी त्या काळी समजूत होती. जेम्स मॅडिसन यांनी ती उलटविली. देश विशाल असेल तर हितसंबंध अनेक असतील. त्यामुळे कोणत्याही एका गटास बहुमत जमवून इतरांना दडपणे कठीण जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हॅमिल्टन, मॅडिसन व जे यांच्या ‘द फेडरलिस्ट’ या ८५ लेखांच्या मालेत ही भूमिका विस्ताराने आली आहे.

यातून साकारलेल्या व्यवस्थेत सत्तेची वाटणी दोनदा होते : प्रथम केंद्र व राज्ये यांच्यात आणि नंतर कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ यांच्यात. सत्ताधारी सज्जनच असतील, असे येथे गृहीत धरलेले नाही. एका सत्तेने दुसरीस आवर घालावा, अशी योजना आहे. सार्वभौमत्व केंद्राचेही नाही आणि राज्यांचेही नाही, ते जनतेचे आहे. म्हणूनच दोन्ही शासनांचा नागरिकाशी थेट संबंध येतो.

परंतु ‘जनता’ म्हणजे कोण? या प्रश्नावर ही घटना अडखळली. प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची गणना तीन-पंचमांश इतकीच धरली गेली आणि गुलामांच्या आयातीस १८०८ पर्यंत अभय मिळाले. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी योजलेली राज्यांची स्वायत्तता गुलामगिरीची ढाल बनली. १७९१ ची हक्कांची सनद केंद्रास बांधत होती, राज्यांस नव्हे. यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने, कायद्याचे समान संरक्षण राज्यांवर बंधनकारक झाले. तरीही १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णविभक्त व्यवस्थेस मान्यता दिली. शाळांतील अशी विभागणी घटनाबाह्य ठरण्यास १९५४ साल उजाडावे लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकन व भारतीय संघराज्यांची तुलना केली. दोन्हीकडे शासनाचे दोन स्तर आहेत. मात्र अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी, तर भारतात एकच, हा भेद त्यांनी आवर्जून सांगितला. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १४ कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देतो. अनुच्छेद १७ त्याही पुढे जातो. चौदावी दुरुस्ती शासनाच्या कृतीस आवर घालते. आपला अनुच्छेद १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या व्यक्तीसही रोखतो. जुलूम केवळ राजदरबारातून येत नाही, तो पाणवठ्यावरही होतो, या अनुभवाची खूण त्यात आहे.

सत्तेचे विभाजन स्वातंत्र्यास आवश्यक आहे. परंतु समाजातील विषमतेचा बंदोबस्त केवळ त्याने होत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी चौदावी दुरुस्ती आणि हे दोन अनुच्छेद शेजारी ठेवून वाचावेत. आपल्या संविधानाने कोणते अधिकचे पाऊल टाकले आणि ते आपल्या गावात, वस्तीत कितपत पोहोचले, हे त्यांनी स्वतः पडताळून पाहावे. आपणां पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनीही या वाचनात त्यांच्याबरोबर बसावे.