‘ग्रेगारिया’ : वाळवंटी टोळाच्या नावातील विशेषण

२५ मे २०२० रोजी जयपूरच्या निवासी वस्त्यांवर टोळांचे थवे आले. त्याच आठवड्यात विदर्भातील अमरावती व नागपूर जिल्ह्यांतही टोळधाड पोहोचली. या किडीचे शास्त्रीय नाव ‘शिस्टोसर्का ग्रेगारिया’. त्यातील दुसरे पद लॅटिन विशेषण असून किडीचा स्वभाव त्यातच सांगितलेला आहे.

लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. त्याचे षष्ठीचे रूप ‘ग्रेगिस’. त्यापासून ‘ग्रेगारिउस’, म्हणजे कळपाने राहणारा, हे विशेषण सिद्ध होते. मराठीत काळा घोडा, काळी गाय, काळे वासरू अशी रूपे होतात. त्याचप्रमाणे पुल्लिंगी ग्रेगारिउस, स्त्रीलिंगी ग्रेगारिया आणि नपुंसकलिंगी ग्रेगारिउम.

पेर फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाने या टोळाला ‘ग्रिलस ग्रेगारिउस’ म्हटले. येमेनमध्ये १७६३ साली त्याचे निधन झाले. ग्रंथ १७७५ मध्ये प्रकाशित झाला. ‘ग्रिलस’ पुल्लिंगी आहे. पुढे ही जाती ‘शिस्टोसर्का’ या स्त्रीलिंगी प्रजातीत गेली व विशेषण ‘ग्रेगारिया’ झाले. नावापुढे ‘(फोर्स्कोल, १७७५)’ असा कंस दिसतो, तो प्रजाती बदलल्याची खूण होय. जुन्या व नव्या ग्रंथांतील ही दोन नावे एकाच किडीची आहेत.

मात्र ‘ग्रेगारिया’ नावाचा टोळ सदैव कळपात नसतो. एरवी तो विखुरलेला व एकटा राहतो. या अवस्थेस त्याच घडणीच्या विशेषणाने ‘सोलिटारिया’, म्हणजे एकाकी, म्हणतात. ती वेगळी जाती नव्हे. एकाकी पिल्ले बहुधा हिरवी असतात व प्रौढ रात्री उडतात. पावसानंतर संख्या वाढून टोळ दाटीने राहू लागले की मागील पायांना होणाऱ्या वारंवार स्पर्शामुळे काही तासांतच त्यांची वागणूक बदलते. कळपातील पिल्ले काळी-पिवळी होऊन झुंडीने सरकतात. प्रौढांचे थवे दिवसा उडतात आणि रात्री झाडाझुडपांवर विसावतात. म्हणूनच थव्यांवरील फवारणी रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत परिणामकारक ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांनी निरीक्षणाची नोंद करताना जातीच्या नावासोबत टोळ एकाकी की कळपातील, पिल्ले की प्रौढ, त्यांचा रंग कोणता आणि थवा कोणत्या दिशेने गेला, हेही लिहावे व तालुका कृषी अधिकाऱ्यांना त्वरित कळवावे. नावातील विशेषण किडीची क्षमता सांगते. तिची प्रत्यक्ष अवस्था शेतातच पाहावी लागते.