शिलालेखांतील त्रिपुरी

जबलपूरजवळचे तेवर हे आज लहानसे गाव आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘त्रिपुरी’ या नावाने ते कलचुरी राजांची राजधानी होते. त्यांचे वैभव लयास गेले. इतिहास मात्र शिलालेखांनी व ताम्रपटांनी राखला.

तेवरजवळच नर्मदाकाठी भेडाघाट आहे. तेथे सापडलेला एक संस्कृत शिलालेख राजा नरसिंहाच्या कारकिर्दीतील आहे. राजमाता अल्हणदेवी हिने शिवमंदिर, मठ व व्याख्यानशाळा बांधून दोन गावे दान दिल्याची नोंद त्यात आहे. गांगेयदेव, कर्ण, यशःकर्ण, गयाकर्ण, नरसिंह ही वंशावळही त्यातून कळते. अशा लेखांतील राजस्तुतीत अतिशयोक्ती असते. परंतु नावे, दाने व तिथी इतिहासाला आधार देतात. या लेखावर ९०७ हे वर्ष आहे. ते कलचुरी संवताचे होय. त्यात २४८ मिळवले की इसवी सन ११५५ येते.

मध्य अमेरिकेतील माया राजांनीही दगडी स्तंभांवर नावे व तिथी कोरविल्या. पण कोरलेले वाचणारा अभ्यासकही लागतो. कलचुरींचे विखुरलेले लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादित केले. तो ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला.

जुन्या शिळेवर रंग फासणे किंवा स्वतःचे नाव कोरणे म्हणजे इतिहासाचे पान फाडणेच होय.

पाठगत प्रश्न
१. अल्हणदेवीने कोणकोणत्या वास्तू बांधल्या?
२. कलचुरी संवत ९०७ म्हणजे कोणते इसवी सन?
३. राजस्तुतीवर पूर्ण विश्वास का ठेवू नये?