डब्याची मागची बाजू आधी वाचा

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनापासून कोटला रोडवरचं एफडीए भवन फार लांब नाही. औषधांवर देखरेख करणारं केंद्रीय कार्यालय आणि अन्नसुरक्षा प्राधिकरण, दोन्ही तिथेच आहेत. ‘खास स्त्रियांसाठी’ म्हणून विकली जाणारी प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंची, कॅप्सूल बहुतेकदा औषधाच्या नव्हे, अन्नाच्या वाटेने बाजारात येते, म्हणजे ती रोग बरा करते हे कुणी तपासून घेतलेलं नसतं. नियमांनुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ असं डब्यावर छापावं लागतं. ते मागे, बारीक अक्षरांत. पुढे मात्र अंगावरून पांढरं जाणं, खाज, लघवीची जळजळ या सगळ्यांवर उतारा मिळेल असा सूर. ज्या तक्रारी बायका घरातही मोकळेपणी बोलत नाहीत, त्यांबद्दलच्या संकोचावर हा धंदा चालतो, याचा माझा राग अजून शमलेला नाही.

दर्जा ठरतो तो स्ट्रेनवर, म्हणजे जिवाणूच्या नेमक्या उपप्रकारावर. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिणं म्हणजे गावाचं नाव न देता जिल्हा सांगणं. ‘ऱ्हॅम्नोसस जीआर-1’, ‘रॉयटेरी आरसी-14’ असं पूर्ण नाव असेल तरच त्या जिवाणूवर झालेला अभ्यास शोधता येतो. एका स्ट्रेनचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही. प्रत्येक स्ट्रेनचं नाव आणि मुदत संपेपर्यंत किती जिवाणू जिवंत राहतील तो आकडा वेष्टनावर हवा, असं जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2002मध्येच सांगितलं. विक्रेते मात्र कारखान्यातून निघतानाचे अब्जावधी जिवाणू मिरवतात. दिल्लीच्या मे महिन्यात गोदामात आणि कुरियरच्या गाडीत त्यातले किती तगले, हे विचारलं की ‘आमचं मिश्रण गोपनीय आहे’ असं उत्तर येतं. त्या उत्तरावर खरेदी थांबवावी. ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनीस’ हे आपल्याकडे सर्रास दिसणारं नावही तपासा: तो खरा बॅसिलस कोॲग्युलन्स, लॅक्टोबॅसिलस नव्हेच.

यावर म्हटलं जातं, अहो, परदेशात चाचण्या झाल्यात. झाल्यात ना. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत 12 आठवड्यांनी जिवाणूजन्य संसर्ग उलटण्याचं प्रमाण 45 टक्क्यांऐवजी 30 टक्के आढळलं. पण तिथे आधी मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाचा उपचार झाला होता, आणि लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटसचा एक ठरावीक स्ट्रेन थेट योनिमार्गात दिला होता. गिळायच्या कोणत्याही कॅप्सूलला तो दाखला चालत नाही. ‘अपाय तर नाही ना?’ हा दुसरा बचाव. अपाय उपचाराला होणाऱ्या उशिराचा असतो. पांढरं जाण्यामागे बुरशी, जिवाणू किंवा लैंगिक संसर्ग असू शकतो. तिन्हींचे उपचार वेगळे, आणि यातलं कारण कोणतं ते तपासणीशिवाय कळत नाही. वास, ताप, ओटीपोटात दुखणं असेल, किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टर. डबा, बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवा. खोट्या दाव्याची तक्रार अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर करता येते, आणि ती जरूर करावी.