खर्जातली जागा कुणाची?

प्रश्न : आमच्या तिघांच्या रॉक बँडची गाणी मी घरीच, दहा बाय बाराच्या खोलीत रेकॉर्ड करतो. मिक्स करताना स्पीकरवर सगळं बरोबर वाटतं. गाडीत लावलं की बेस नुसता घुमतो, किक ड्रमचा ठोका त्यात बुडून जातो आणि मोबाइलवर तर बेस गायबच! बेस वाढवू की कमी करू?

उत्तर : आधी खुर्ची हलवून बघा. समोरासमोरच्या भिंतींत बारा फूट अंतर असलं, की ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यांच्यामध्ये कोंडतो. दहा फुटांना हा आकडा ५६ होतो. म्हणजे नेमका किक आणि बेसचा मुलूख. हा आवाज भिंतीलगत फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. तुम्ही मध्यावर बसत असाल, तर कानाला न मिळालेला खर्ज भरून काढायला बेस चढवत जाता आणि तो गाडीत उसळतो. बारा फुटांच्या लांबीत समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसा आणि ओळखीचं एखादं गाणं लावून कान जुळवून घ्या.

आता खरा तंटा. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची, किकचा दणका साधारण ५० ते ८०चा. तळाला दोघांना एकदम बसवता येत नाही. तिघांच्या बँडमध्ये गिटार सोलोला गेली की खालची सगळी जागा बेसच धरून ठेवतो, म्हणून माझं मत बेसच्या बाजूने. किकचा तळ दोन-तीन डेसिबल उतरवा, त्याचा दणका १००च्या जवळ आणि बीटरचा ‘टक्’ तीन-चार हजार हर्ट्झवर शोधा. हे करताना दोन्ही ट्रॅक एकत्र वाजू द्या. एकटा ऐकलेला किक भरदार केला, की तो बेसला हमखास नडतो. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झची असते, त्यामुळे गिटारचा ८०खालचा भाग बिनधास्त कापा. मेटॅलिकाच्या १९८८च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बेस जेमतेम ऐकू येतो, त्याची हळहळ चाहत्यांना आजही आहे. मोठ्या स्टुडिओतही बेस हरवतो तो असा.

मोबाइलचा इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. पण त्याच स्वराचे २०५, २४६, २८७ असे वरचे अंश ऐकू आले, तर मेंदू खालचा मूळ स्वर आपणहून जुळवून घेतो. बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढा, तिला थोडं डिस्टॉर्शन द्या, २००खालचं सगळं कापा आणि मूळ बेसखाली हळूच मिसळा. ही प्रत एकटीच ऐकली तर कर्कश वाटेल. गाण्यात मात्र बेसची प्रत्येक सुरावट कळू लागेल.

बेस थेट वायरनेही घेतला असेल आणि अ‍ॅम्पपासून फूटभरावर माइकही लावला असेल, तर माइकचा आवाज जवळपास एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही लहरी एकमेकींना खाऊ शकतात. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून ऐका आणि ज्यात खर्ज भरेल तेच ठेवा.