शंभर शरद, परंतु अदीन



माध्यान्ह संध्येच्या वेळी सूर्यापुढे उभे राहून आपण शंभर शरद ऋतूंची याचना करतो. शुक्ल यजुर्वेदाच्या ३६ व्या अध्यायात ही प्रार्थना आहे. बालपणी पाठांतराच्या भरात तिच्या अर्थाकडे आमचे कधी लक्ष गेले नाही. पुढे तो लक्षपूर्वक पाहिला, तेव्हा असे आढळले की ऋषीने केवळ दीर्घ आयुष्य मागितलेले नाही. शंभर वर्षे पाहावे, जगावे, ऐकावे, बोलावे आणि दीन न होता राहावे, असे पंचविध मागणे त्याने मागितले आहे. डोळे, कान, वाणी व स्वावलंबन हातचे गेले तर नुसत्या वर्षांच्या संख्येत समाधान नाही, हे त्याने जाणले होते. वृद्धपणी निरोगी व आनंदी कसे राहावे याचा विचार आपण आज याच प्रार्थनेच्या क्रमाने करू.

प्रथम आमच्याच घरातील एक चूक सांगणे प्राप्त आहे. आमच्या आजोबांनी देवाची पूजा तीर्थरूपांच्या स्वाधीन केली, तेव्हा आम्हां नातवंडांस त्यांच्या विश्रांतीची फार काळजी वाटू लागली. त्यांनी घागर उचलली की आम्ही ती हातातून घ्यावी. ते बेल आणावयास निघाले की आम्ही पुढे धावावे. सहाणेवर चंदन उगाळावयास बसले तर, 'आजोबा, आपण स्वस्थ बसा' असे म्हणावे. आमच्या मते हीच सेवा होती. वर्षभरात त्यांचे फिरणे ओसरीपुरते उरले, आणि एके दिवशी उंबरा ओलांडताना पाय अडखळून ते पडले. मनगटाचे हाड मोडले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हांस समजावले, की हाड सांधेल. परंतु मांड्यांतील शक्ती न वापरल्याने गेली आहे, ती वापरल्यावाचून परत यावयाची नाही. त्या दिवशी आमची मान खाली गेली. आदराच्या भरात आम्ही आजोबांना दीन केले होते.

आता एकेक मागणे पाहू.

पहिले मागणे पाहण्याचे. वय वाढले की डोळ्यांतील भिंग गढूळ होते. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. तो 'पिकेपर्यंत थांबावे' असा समज आपल्या भागात अद्याप आहे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत त्यास अर्थ होता. आज तसे थांबण्याचे कारण नाही. दिसण्यात अडचण येऊ लागली की नेत्रतज्ज्ञांस दाखवून निर्णय घ्यावा. ज्यांस मधुमेह आहे, त्यांनी डोळ्याचा आतला पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा; कारण तेथील बिघाड पुष्कळदा दृष्टी अधू होईपर्यंत कळतच नाही. घरात न्हाणीच्या वाटेवर रात्री दिवा असावा, ओल्या फरशीवर पाय घसरेल असे काही नसावे, आणि न्हाणीत धरावयास एक दांडी बसवावी. देवळाच्या पायऱ्यांच्या कडांस पांढरा पट्टा ओढला तर अधू दृष्टीच्या माणसास फार आधार होतो. हे काम आपल्या मंडळाने हाती घेण्यासारखे आहे.

दुसरे मागणे ऐकण्याचे. चष्मा लावण्यात कोणास लाज वाटत नाही, परंतु कानाचे यंत्र लावण्यास पुष्कळजण नाकारतात. परिणाम असा होतो की म्हातारा मनुष्य चारचौघांत बसूनही एकटा पडतो. घरचे लोक दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा 'जाऊ द्या' म्हणतात, आणि मग तो विचारणेच सोडून देतो. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे दिली. त्यांत बहिरेपणा आहे, उपचार न केलेला दृष्टिदोष आहे, एकाकीपणा आहे आणि व्यायामाचा अभावही आहे. या सर्वांचा बंदोबस्त झाला तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्या समितीचा अंदाज आहे. ऋषीने पाहणे, ऐकणे व बोलणे एका सुरात का मागितले, याचे उत्तर यात सापडते.

तिसरे मागणे बोलण्याचे, म्हणजेच माणसांत राहण्याचे. या बाबतीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे. त्यांचा जन्म १८५८ चा. सत्तरी उलटल्यावर ते परदेशांच्या प्रवासास निघाले. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. १९४४ साली समता संघ स्थापिला. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांस भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली ते निवर्तले. कर्व्यांचे कार्य सर्वांस साधणार नाही, हे खरे. परंतु उद्या सकाळी आपली वाट पाहणारे एखादे काम व एखादा मनुष्य असावा, हे सर्वांस साधण्याजोगे आहे. मादन हिप्परग्यासारख्या गावी हे कठीण नाही. येथे मराठी व कन्नड दोन्ही भाषा घरोघर बोलल्या जातात; आजीने नातवास एका भाषेतील गोष्ट दुसरीत सांगितली तरी तिच्या स्मरणशक्तीस व्यायाम घडतो, आणि नातवास दोन भाषांचे धन मिळते.

चौथे व पाचवे मागणे जगण्याचे व अदीन राहण्याचे. यांचा आधार मुख्यतः पाय आणि अन्न. वयाच्या उतरणीवर स्नायू झिजू लागतात, आणि बसून राहिल्याने ती झीज दुप्पट भासते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांस आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. ६५ वर्षांवरील मंडळींस त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल व शक्ती वाढविणारा व्यायाम सुचविला आहे. रोज सकाळी पंचवीस मिनिटे जरा झपझप चालले की पहिला हिशेब पुरा होतो. दुसऱ्यासाठी आखाडा नको. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठावे-बसावे. देवळाच्या खांबास हात लावून क्षणभर एका पायावर उभे राहावे.

ज्यांस साधेल त्यांनी सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार हे जीवितकार्य मानले. त्यांच्याच औंधात दीर्घकाळ वेदाभ्यास करणारे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही योगासने व सूर्यनमस्कार यांचे पुरस्कर्ते होते. सातवळेकरांचा जन्म १८६७ साली सावंतवाडीजवळ कोलगाव येथे झाला. आपला हा भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीत ते काही वर्षे चित्रकलेवर चरितार्थ चालवीत होते. १९४८ साली, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, त्यांस औंध सोडावे लागले. तेव्हा त्यांनी गुजरातेतील पारडी येथे नव्याने बिऱ्हाड थाटले आणि ग्रंथप्रकाशनाचे काम पुढे चालविले. शंभरी ओलांडून १९६८ साली ते गेले. मात्र ज्यांस हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्यांचे दुखणे आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून नमस्कारांस आरंभ करू नये.

अन्नासंबंधी आपला भाग भाग्यवान आहे. ज्वारीची भाकरी, कलबुर्गीच्या तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, ताक व एखादी पालेभाजी यांत वृद्धास हवे ते पुष्कळसे आहे. अडचण अशी की दात गेले म्हणून म्हातारी माणसे पातळ भातावर भागवितात, आणि स्नायूंस लागणारे डाळींचे सत्त्व कमी पडते. भाकरी वरणात कुस्करून द्यावी, डाळ घट्ट असावी. मिठाचे प्रमाण दिवसाकाठी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभराहून कमी असावे. लोणचे व पापड यांचाही हिशेब त्यातच धरावा. वृद्धपणी तहानेची जाणीव मंदावते. तेव्हा आपल्या वैशाखात तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घेत राहावे. ज्यांस हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी ते पाळावे.

उपवासाविषयी एक नम्र सूचना. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निरंकार एकादशी केल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम, थरथर व बेशुद्धी येऊ शकते. उलटपक्षी साबुदाणा पोटभर खाल्ल्यास तीच साखर चढते. असे व्रत डॉक्टरांस विचारून करावे, किंवा त्या दिवशी नामस्मरणावर भागवावे. देवास भक्ताची मूर्च्छा नको आहे.

अदीनतेस पैशाचाही संबंध आहे. आजारपणाचा खर्च मुलांवर पडेल या संकोचाने कित्येक वडील मंडळी दुखणे लपवितात. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांस, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय केली आहे. आपल्या घरातील वडिलांचे कार्ड काढून देणे हे आम्हां तरुणांचे काम होय.

शेवटी पुन्हा आजोबांविषयी. हाड सांधल्यावर आम्ही त्यांच्यापुढे सहाण व खोड ठेवले आणि क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. हळूहळू चंदन उगाळू लागले. पुढे ते ओसरीवरून अंगणात व अंगणातून देवळापर्यंत काठी टेकीत येऊ लागले. आता रोजचे गंध त्यांच्याच हातचे असते. पूजेस त्यामुळे थोडा उशीर होतो, परंतु तीर्थरूप थांबतात.

तात्पर्य, वडिलांची काठी आपण व्हावे हे खरे, पण त्यांचे पाय होऊ नये. ज्येष्ठांनी आपले काम सहजी सोडू नये, आणि आम्ही धाकट्यांनी ते प्रेमाच्या नावाखाली हिरावून घेऊ नये. प्रत्येक कुटुंबाने आजच आपल्या घरातील वडील माणसास विचारावे, 'आम्ही आपले कोणते काम काढून घेतले?' जे उत्तर येईल, ते काम दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हाती परत द्यावे.